आठ अक्षरांत मुतगेकर

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या खोलीत
जिथं पूर्वी लाकडी पॅटर्न रचून ठेवायचे,
तिथं तो उभा आहे : काळा, कपाटाएवढा, सतत घोंघावणारा.
त्याच्या जाळ्या दर पंधरवड्याला मीच झाडतो.
ओतकामाची वाळू बंद दारातूनही आत येते.
तिला आजवर कोणी अडवू शकलेलं नाही.

लुमाण्णा म्हणाले, "दोन कर."
मोनाप्पा म्हणाले, "सारखे दोन कर."
व्हॉल्व्ह थोरल्याचे, पंपांची केसिंगं धाकट्याची,
भट्टी तूर्तास सामाईक.
आणि एकाच सर्व्हरवर दोन कंपन्या,
एकीनं दुसरीच्या वहीत डोकावायचं नाही.

आधी मोजू, मी म्हणालो.
कोअर चार. मेमरी एकशे अठ्ठावीस जीबी.
डिस्क सहा, पण जोडीजोडीनं, एकीची नक्कल दुसरीत,
म्हणजे जोड्या तीन.
"एक जोडी मोड की," मोनाप्पा.
मोडता येते. मग एखाद्या रात्री डिस्क गेली
तर तिच्यात काय होतं ते सांगणारं कुणी उरत नाही.
चौथी जोडी घ्या. नेटवर्कचं दुसरं कार्डही.
हुबळीहून मागवावं लागेल, आठ दिवस धरा.

कोअर मात्र कापता येतो, अगदी दहाव्या हिश्शापर्यंत.
हे लुमाण्णांना पटकन कळलं.
त्यांना गुंठे कळतात, आणे कळतात,
मुतग्याच्या विहिरीवर कुणाची मोटर कधी, तेही.
टेप ड्राइव्ह एकच आहे म्हटल्यावर
"मग पाळी लाव," म्हणाले,
"सोमवारी त्याची, मंगळवारी माझी. पाण्यासारखी."
हैदराबादेत पाच दिवस वर्गात बसून मी जे शिकलो
ते त्यांनी बशीतला चहा संपायच्या आत सांगितलं.

तरी तीन आठवडे मी नुसता बघत बसलो.
सात तारखेला पगार निघतो तेव्हा कोण किती खातं,
रात्री दोनला कुठलं काम जागं होतं,
हेस्कॉमची वीज गेली तर आधी कुणाला निजवायचं.
अकाउंट्सच्या हंपण्णवर मॅडम
कुठल्याही आलेखाशिवाय सांगायच्या :
"स्वल्प ताळ्री, आत्ता जीएसटी चाललंय, हळू होणार."
आलेखात ते मला दुपारी दिसायचं.

मेमरीचा हिशेब लागेना तेव्हा दोघे एकदम आले.
साठ आणि साठ, एकशे वीस.
"वरचे आठ कुठं गेले?"
ते मधल्याचे, म्हटलं. दोघांना वेगळं ठेवतो, त्याचे.
"म्हणजे भिंतीलाबी जागा लागते?"
लागते.
"दोघांच्यातनं?"
दोघांच्यातनं.
लुमाण्णा खिडकीशी गेले.
बाहेर ओतीव सांगाडे थंड होत पडले होते,
त्यांच्यावर अजून कुणाचं नाव घातलेलं नव्हतं.

शेवटी यंत्रानं नावं विचारली.
रोमन लिपी, फक्त आठ अक्षरं.
त्याला मराठी चालत नाही, कन्नडही चालत नाही,
या बाबतीत त्याच्याशी भांडायला इथं कुणाला वाव नाही.
मुतगेकर. बोटांवर मोजलं. बरोबर आठ.
एक आणि दोन लिहायला जागाच उरली नाही.

"शेवटचं अक्षर काढ."
कुणाचं?
साडेअकरा वाजले होते. यूपीएस मधूनच टिकटिकायचा.
"माझं काढ," मोनाप्पा बऱ्याच वेळानं म्हणाले.
"मग माझंबी काढ," थोरले म्हणाले,
"एकाला र आणि एकाला न्हाई, लोक काय म्हणतील."

मुतगेका एक. मुतगेका दोन.
हंपण्णवर मॅडमनी दोन्ही उघडले,
एकातलं बिल दुसऱ्यात शोधलं, सापडलं नाही.
"साकु," म्हणाल्या, आणि डबा पिशवीत घातला.

मी रजिस्टरात लिहिलं : काम पूर्ण.
प्रत्येकी एक पूर्णांक नऊ दशांश कोअर.
उरलेले दोन दशांश कुणालाच दिलेले नाहीत.
ज्याला कमी पडेल त्यानं घ्यावेत, आणि परत ठेवावेत.
त्यांनी विचारलं नाही.
मीही तो आकडा जरा बारीकच लिहिला.